सहाव्या दगडापुढे

फोटो आला तेव्हा उमेरा गॅलरीत पाय पसरून ओले केस वाळवत बसली होती. रविवार होता, पावणेअकरा झाले होते आणि घरात ती एकटीच होती. अब्बा आणि अम्मी सकाळच्या एसटीनं मूल गावी गेले होते, अम्मीच्या खालाला, म्हणजे मावशीला भेटायला. रमजान लागला की महिनाभर कुठं जाणं होत नाही, म्हणून आत्ताच जाऊन येतो, असं अब्बांनी रात्री जेवताना सांगितलं होतं. फोटो अम्मीच्या मोबाइलवरून होता, त्यामुळे त्याच्या एका कोपऱ्यात अम्मीचं बोट आलं होतं. बाकी फोटोभर अब्बा उभे होते. अंगात ईदचा पांढरा कुर्ता, पायांत नवेकोरे कॅनव्हासचे बूट, हातात घडीचं पत्रक, आणि डोक्यावर हिरवा फलक : आमडी तलाव निसर्गवाट. त्याखाली ठळक अक्षरांत उमेराचं वाक्य होतं. 'तलावाच्या पाळीवरून सायकलीनं, टेकडीवरून पायी. सहा वर्षांच्या लेकरापासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना झेपेल अशी सोपी वाट.' हे वाक्य तिनं लिहिलं होतं, तपासलं होतं, छापून आल्यावर पवनसरांनी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आता त्याच्याखाली अब्बा उभे होते. खाली अम्मीनं एकच शब्द पाठवला होता, इंग्रजी अक्षरांत : सरप्राइज.

तिनं लगेच फोन लावला. लागला नाही. अब्बांचा लावला, तोही लागला नाही. तलावाच्या त्या बाजूला रेंज नसते हे तिला माहीत होतं. तेही तिनंच पत्रकात लिहिलं होतं, 'मोबाइलच्या कटकटीपासून दूर' असं. ती उठली, परत बसली. गॅलरीच्या कठड्यावर रोजची कोळशाची काळी भुकटी साचली होती, तिच्यावर तिचा तळवा उमटला. अब्बांना दोन वर्षांपूर्वी नागपूरला स्टेंट बसवला होता. सपाटीवर कितीही चाला, चढावर मात्र जपून, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि घरातल्या तेरा पायऱ्या ते मध्ये एकदा थांबून चढत. पण तिच्या मनात आत्ता स्टेंट नव्हता. तिच्या मनात एक दगड होता, पिवळ्या रंगानं सहा आकडा लिहिलेला, टेकडीच्या माथ्याजवळचा. वाटेवर असे नऊ दगड होते. नकाशावर तिनं नऊही दाखवले होते. पाहिले होते सहाच.

जिल्ह्याच्या पर्यटनाची पत्रकं, फलक, नकाशांवरचा मजकूर करून देणाऱ्या एका खासगी संस्थेत ती पाच वर्षं काम करत होती. पवनसरांची तीन माणसांची संस्था, त्यातली लिहिणारी ती एकटी. गेल्या वर्षभरात तिनं तलावांच्या आणि टेकड्यांच्या अशा चौदा वाटा लिहिल्या. लोक आता मुलाबाळांना घेऊन येतात, सायकली भाड्यानं घेतात, डबा खातात, म्हणून पहिल्या ओळीत 'कुटुंब' पाहिजे आणि दुसरीत 'सोपं', असं पवनसर सांगायचे. आमडीचं पत्रक छापून आलं तेव्हा तिनं एक प्रत सहज घरी आणली होती. अब्बांनी ती दुकानात नेली. चंद्रपूरच्या जटपुरा गेटाबाहेर त्यांचं सायकलीचं दुकान होतं, चाळीस वर्षांचं, आणि तिथल्या लाकडी टेबलाच्या काचेखाली त्यांनी ते पत्रक सरकवलं, विजेच्या बिलाच्या आणि मक्केच्या फोटोच्या मधोमध. घरात सगळे हिंदी बोलत. पण उमेरा मराठी शाळेत शिकली होती, निबंधाची बक्षिसं आणायची, आणि तिच्या लिहिण्याचा विषय निघाला की अब्बा तिच्याशी मराठीत बोलत. खेड्यावरच्या गिऱ्हाइकांकडून उचललेली झाडीपट्टीकडची मराठी, आणि ती बोलताना त्यांचा आवाज थोडा वर चढे. दहा दिवसांपूर्वी त्यांनी काचेवर बोट ठेवत एकेक शब्द वाचला होता आणि म्हणाले होते, "इथी लिवलं हाय, आजी-आजोबाइले झेपते. मंग मले काऊन नाई झेपणार? एक डाव जाऊन पाहू." ती म्हणाली होती, "जाऊ ना अब्बा, बरसातीनंतर. तेव्हा छान दिसतं." म्हणताना ती हसली होती. त्या वेळी सांगता आलं असतं. अगदी सहज, चहा पिता पिता सांगता आलं असतं.

स्कूटर काढताना केस ओलेच होते. लोहारा मागं पडलं, मग चिचपल्ली, मग दोन्ही बाजूंनी जंगल जवळ आलं. सागाची पानं करपून गळत होती आणि ट्रक गेला की त्याच्यामागे रस्ताभर धावत होती. ती मनात बोलत होती, कुणाशी तरी, बहुधा पवनसरांशी. नोव्हेंबरात वाट पाहायला आले त्या दिवशी गाडी सहाच्या आत परत द्यायची होती सर. दिनेश ड्रायव्हर खालून हॉर्न वाजवत होता. हे खरं होतं. दिनेशनं हॉर्न वाजवला होता. पण तिनं आठवून पाहिलं तर तो हॉर्न ती खाली उतरायला लागल्यानंतरचा होता. मग ती म्हणाली, बूट चावत होता. तेही खरं होतं, डाव्या टाचेवर फोड आला होता, पण फोड घेऊन ती दुसऱ्या दिवशी सिंदेवाहीच्या बाजारात दोन तास हिंडली होती. आणि निकेश. वाट दाखवायला आलेला गावचा निकेश, सहाव्या दगडापाशी म्हणाला होता की पुढेही सगळं असंच आहे. ते तिनं वहीत लिहून घेतलं होतं, त्याच्या नावासकट. निकेशचं नाव आठवल्यावर तिला थोडं बरं वाटलं. चार-पाच किलोमीटर ते बरं वाटणं टिकलं.

मग अब्बा आठवले, आजचे नाहीत, चाळिशीतले. दुरुस्त केलेली कुठलीही सायकल ते आधी स्वतः चालवत. चौकापर्यंत जायचे, ब्रेक दाबायचे, वळून यायचे, मगच गिऱ्हाइकाच्या हातात हँडल द्यायचे. गिऱ्हाईक घाईत असलं, ओरडलं, तरी. एकदा एका मास्तरांची सायकल होती, नुसतं पंक्चर काढलेलं, आणि बाहेर धो धो पाऊस. मास्तर म्हणाले, बाबूभाई, राहू द्या हो. अब्बा डोक्यावर पोतं घेऊन तशा पावसात चौकापर्यंत जाऊन आले. शाळकरी उमेराला तेव्हा त्यांची लाज वाटली होती. सगळे हसत होते. अब्बा मास्तरांना म्हणाले, "आता न्या." कधी त्यांनी यावर भाषण दिलं नाही, तिला काही शिकवायचं म्हणून सांगितलं नाही. त्यांना बहुतेक हे सांगण्यासारखं आहे हेच माहीत नव्हतं. उमेरानं अॅक्सिलरेटर पिळला. मूलच्या पुढं रस्ता अरुंद झाला, धानाची कापलेली शेतं आली, आणि त्यांच्यापलीकडे आमडीच्या टेकड्या दिसायला लागल्या, तिनं पत्रकात लिहिल्याप्रमाणे 'निळसर'.

साडेबारा वाजले होते. गेटाजवळ सायकली ओळीनं लावल्या होत्या आणि चहा-पोह्यांच्या टपरीवर नीलाबाई होत्या, बचत गटाची हिरवी साडी नेसलेल्या. नोव्हेंबरात उमेरा आली तेव्हा त्या नव्हत्या, टपरी नंतरची. पाळीवर, तलावाच्या रुंद बांधावर, लहान मुलं सायकली चालवत होती, त्यांच्या आया मागून ओरडत होत्या, पाण्यावर बदकांची काळी रेघ होती, सगळं पत्रकात होतं तसंच. उमेरानं फोनमधला फोटो पुढं केला.

"हे पाहिले का तुम्ही? सकाळी आले असतील."

"अवं, थे सायकलवाले भाऊ!" नीलाबाईंचा चेहरा उजळला. "पाह्यले न. आमच्या आठी सायकलीचे ब्रेक कसून देल्ले त्याईनं. कोणी सांगतलं नोतं. खिशातच पान्हा होता. मंग बाईले कॅरिअरवर बसवून पुरी पाळ फिरून आले. आन् कागद दाखवून राह्यले सगळ्याइले, माह्या पोरीनं लिवला म्हणून."

"आता कुठे आहेत?"

"मंग पाटीखाली फोटो काढून टेकडीवर गेले. दीड-दोन घंटे होऊन राह्यले." नीलाबाईंनी टेकडीकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "मी म्हणलं होतं भाऊले, सहा नंबरपासून वापस या, तिकडून उतरू नका. तिकडं मुरूम सुटला हाय. मागच्या आइतवारी एक बाई घसरली, मांडी सोलली तिची. आमी सांगतो सगळ्याइले. पण कागदावर सोपी लिवलं असन त आमचं कोण आयकते? भाऊ हासले. म्हणे, माही पोरगी चालून पाह्यल्याबिगर लिवत नाई." मग त्यांनी उमेराकडे नीट पाहिलं. "तुमी कोण त्याईच्या? तूच का थे, लिवणारी?"

"नाही," उमेरा म्हणाली. "मी धाकटी."

शब्द तोंडातून गेल्यावर ते दुसऱ्याच कुणीतरी बोललेत असं तिला वाटलं. धाकटी कुणी नव्हतीच. जिशान, तिचा भाऊ, हैदराबादला, बहीण नाही. पाच सेकंदांत तिनं एक बहीण तयार केली होती, चांगली, निरपराध, वडिलांच्या काळजीनं धावत आलेली, आणि लिहिणाऱ्या मोठीला घरी ठेवून दिलं होतं. नीलाबाई म्हणाल्या, "निकेशले पाठवतो मी मागून, तू हो पुढं," आणि ती चढायला लागली.

एक, दोन, तीन. वाट खरंच सोपी होती. वाटेवर सागाच्या सावल्या, बसायला बांबूचे बाक, चौथ्या दगडाजवळ तलावाचं पहिलं दर्शन. पाचव्याच्या आधीचं वळण तिला आठवत होतं. काही कुटुंबं उतरत होती, तिच्याकडे बघून हसत होती. ती प्रत्येकाला विचारत होती, पांढरा कुर्ता, म्हातारे, सोबत बाई. आणि एकानं सांगितलं, हो, वर दिसले होते, खूप वेळ झाला. सहाव्या दगडाजवळ मोठी सपाट शिळा होती. तिच्यावर ती त्या दिवशी बसली होती. इथं उभं राहिल्यावर निकेशचं बोलणं तिला पूर्ण आठवलं, वहीतलं नाही, खरं. निकेश म्हणाला होता, "मॅडम, पुढं उतार हाय थोडा. दाखवू का? वीस मिनिटं लागतीन." आणि ती म्हणाली होती, "असंच आहे ना पुढे?" तिनं मान वर करून विचारलंही नव्हतं, फोनवर काहीतरी टाइप करत होती. मग निकेश म्हणाला, "हो... असंच हाय." तिला काय ऐकायचं आहे ते त्यानं ऐकलं होतं आणि दिलं होतं. अडीच महिने ती त्याच्या नावावर टेकून राहिली होती. ती शिळेपाशी थांबली नाही. पुढच्या वाटेवर तिनं पहिल्यांदा पाऊल टाकलं.

शंभर-दीडशे पावलं सरळ होती, मग जमीन अचानक संपल्यासारखी झाली. टेकडीची ती बाजू पाण्यानं खरवडून नेली होती. वाट म्हणजे कडेनं उतरणारी हातभर रुंदीची पट्टी होती, तिच्यावर सागाच्या पानांचा जाड थर, आणि थराखाली मोकळा मुरूम, पाय ठेवला की दाणे सरकत होते. खाली नाला. सातवा दगड आडवा पडला होता, आकडा जमिनीकडे. तिनं चपला काढल्या, हातात घेतल्या, मग टाकून दिल्या आणि बसत बसत उतरू लागली. तळव्यांत खडे रुतत होते. तिला नीट दिसत नव्हतं असं नाही. उलट सगळं फारच स्पष्ट दिसत होतं, पानांच्या शिरा, एक काळा मुंगळा, खालच्या झाडाला अडकलेली चिप्सची पिशवी. लहान मुलाची टोपीही होती कुणाची तरी, निळी. इथून माणसं गेली होती. पत्रक छापून आल्यापासून, दर रविवारी. लेकरांना खांद्यावर घेऊन गेली असतील, आणि घसरताना त्यांना वाटलं असेल की आपलंच काहीतरी चुकतंय, कारण वाट तर सोपी आहे.

अम्मी दिसली. उताराच्या मध्यावर एका तेंदूच्या झाडाला दोन्ही हातांनी धरून बसली होती. बुरख्याचा घोळ मातीनं लाल झाला होता. उमेराला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. इतका वेळ ती कुणीतरी येण्याचीच वाट बघत असावी.

"तेरे अब्बा नीचे गये," अम्मी म्हणाली. "बोले, तू बैठ, मैं पहले देख के आता. फिर गिरने की आवाज आई. मैं बुलाई तो बोले, कुछ नहीं हुआ. लेकिन ऊपर नहीं आ रहे."

"कितना टाइम हुआ?"

"पता नहीं बेटा. जोहर की नमाज का वक्त हो गया होगा."

नाल्याच्या तळाशी अब्बा एका दगडाला पाठ टेकून बसले होते. कुर्त्याची एक बाही फाटली होती. उजवा हात त्यांनी डाव्या हातात, छातीशी धरला होता, आणि तो हात छातीवर बघून उमेराला स्टेंट आठवला. पण त्यांचा चेहरा कोरडा होता, ओठांना रंग होता. जवळ गेल्यावर दिसलं, उजवं मनगट सुजून भलत्याच दिशेला वळलं होतं.

"छाती नाई," अब्बा आधी म्हणाले, तिचा चेहरा बघून. "छाती ठीक हाय. बेअरिंग सरकली फक्त." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. ती इथं कशी आली हे त्यांनी विचारलं नाही. स्वतःच्या ओढणीची तिनं झोळी करायला घेतली. गाठ बसत नव्हती. अब्बा तिला सांगत होते, इकडून घे, हां, आता वरून. मग म्हणाले, "घाबरू नको. तुही काई चूक नाई त्याच्यात. आमीच वाट चुकलो."

तिनं गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"मी बसल्या बसल्या इचार करून राह्यलो होतो. सहा नंबरच्या पुढं फाटा असंन. तो आमाले दिसला नाई, पानं पडून राह्यली न. चांगली वाट तिकडून गेली असंन. तुहा कागद पाह्यला मी पुन्हा, पण त्याच्यात फाटा बारीक दाखवला असंन, माहे चष्मे वर राह्यले." त्यांनी मान वर करून उताराकडे पाहिलं, तिथून तेंदूचं झाड आणि अम्मीचा लाल घोळ दिसत होता. "सांग न बेटा, फाटा कुठी हाय? तू त चालली हायस. तुह्या अम्मीले तिकडून उतरवू."

दीड तास ते तुटलेला हात धरून बसले होते आणि दीड तास त्यांनी तो फाटा शोधला होता, मनात. तो त्यांना सापडलाही होता. आता तिनं बोट दाखवायचं बाकी होतं. तो फाटा त्यांना देणं फार सोपं होतं. हो अब्बा, वरच राहिला तो, पानं पडली की दिसत नाही. एवढं म्हणायचं, आणि उद्या ऑफिसात जाऊन नकाशा गुपचूप बदलायचा, फलकावर कागद चिकटवायचा. त्यांना बरं वाटलं असतं. हाताचं दुखणंही थोडं कमी झालं असतं. वाक्य तयार होतं, जिभेवर आलं होतं, नीलाबाईंसमोर आलं होतं तसंच, आपोआप.

"फाटा नाहीये अब्बा," उमेरा म्हणाली. "हीच वाट आहे. मी सहाव्या दगडापासून परत गेले होते. इथे मी आलेच नव्हते."

अब्बा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना ऐकू आलं नसावं असं तिला वाटलं आणि पुन्हा सांगावं लागेल की काय, याची भीती वाटली. वरून मुरमाचे चार दाणे घरंगळत आले, पाठोपाठ निकेशची हाक आली. अब्बांनी नजर काढून घेतली. सुजलेल्या मनगटाकडे पाहिलं, ओढणीची गाठ डाव्या हातानं चाचपून पाहिली.

"अम्मी को पहले उतार," ते म्हणाले. हिंदीत.

निकेशनं दोर आणला होता. अम्मीला त्यानं आणि उमेरानं मिळून खाली घेतलं, मग नाल्यातून तलावाच्या काठापर्यंतचा एक किलोमीटर, अब्बा मध्ये, दर पन्नास पावलांवर थांबत. निकेश त्यांच्या डाव्या बाजूला होता. तो उमेराकडे बघत नव्हता, आणि तिलाही त्याच्याकडे बघवेना. एकदाच, अब्बा दम खायला बसले असताना, तो हळू म्हणाला, "मी सांगाले पाह्यजे होतं मॅडम." ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं." अब्बा ऐकत होते.

गेटापाशी गावातली बोलेरो उभी करून ठेवली होती. नीलाबाईंनी पाणी दिलं, साखर दिली, अब्बांच्या पाठीवरची माती झटकली. "धाकटी आली म्हणून बरं झालं भाऊ, नाईतं काय झालं असतं," त्या म्हणाल्या.

अब्बा पाणी पिताना थांबले. "कोण धाकटी?"

नीलाबाईंनी उमेराकडे हात केला. अब्बांनी ग्लास खाली ठेवला. "मले एकच पोरगी हाय," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. विचारलं त्याचं उत्तर होतं. नीलाबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा उमेराकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी ग्लास उचलला आणि विसळायला आत गेल्या.

उमेरा बोलेरोत बसायला लागली तेव्हा अब्बांनी डावा हात आडवा धरला. पलीकडे फलकासमोर दोन कुटुंबं उभी होती, एक बाई मोठ्यानं तिचं वाक्य वाचत होती आणि मुलगा टेकडीकडे धावत सुटला होता. "तू रुक," अब्बा म्हणाले. "लोग चढ रहे."

"अब्बा, तुमच्याबरोबर दवाखान्यात..."

"तेरी अम्मी है. निकेश है." दार त्यांनीच ओढून घेतलं, डाव्या हातानं, दोन प्रयत्नांत.

बोलेरोची धूळ खाली बसायच्या आत ती त्या मुलाच्या मागे धावली. पुढचे अडीच तास उमेरा सहाव्या दगडाजवळ उभी होती, अनवाणी. पहिल्या कुटुंबाला सांगताना तिचा आवाज फुटला. पुढे जाऊ नका, वाट खराब आहे. त्या माणसानं पत्रक दाखवलं, अहो पण यात तर... ती म्हणाली, ते मी लिहिलंय. मी पुढे न जाताच लिहिलंय. माणूस ओशाळला, जणू त्यानंच काही चूक केली होती, आणि मुलांना घेऊन वळला. दुसऱ्यांना सांगितलं. तिसऱ्यांत एक तरुण म्हणाला, तुम्हाला नोकरीवरून काढतील की, आणि त्याच्या बायकोनं त्याला चिमटा काढला. पाचव्या वेळेपर्यंत वाक्य बसलं होतं. कुठं थांबायचं, कुठं खाली बघायचं हेही बसलं होतं. समोरची माणसं तिच्याकडे कौतुकानं बघायला लागली होती. एक बाई तर म्हणाली, किती प्रामाणिक आहात हो. हेही आता छापता येईल, उमेराच्या मनात आलं. त्या शिळेपाशी रेंजची एक काडी येत-जात होती. चारच्या सुमाराला अम्मीचा मेसेज आला : हड्डी दो जगह टूटी. चंद्रपूर भेज रहे, प्लेट डालेंगे. अब्बा कुछ बोल नहीं रहे. तिनं तो तीनदा वाचला. तो उजवा हात होता. सहा महिने पान्हा धरता येणार नाही; कदाचित पुढेही नीट नाही.

ऊन कलल्यावर शेवटचे तिघं वर आले. नवरा-बायको आणि त्याची आई, काठी टेकत येणारी, नऊवारीचा काष्टा घातलेली, चामोर्शीकडची असावी. उमेरानं सांगितलं. वाट खराब आहे, ते मी लिहिलंय, मी पुढे गेले नव्हते. नवरा-बायको एकमेकांकडे बघून परत फिरायच्या बेतात होते. म्हातारी मात्र शिळेवर बसली, काठी आडवी ठेवली आणि उमेराला खालपासून वरपर्यंत, मातीनं भरलेल्या पायांपासून ओढणी नसलेल्या गळ्यापर्यंत, बघून घेतलं.

"गेली नोती त लिवलं काऊन?" तिनं विचारलं.

दिवसभरात हे कुणीच विचारलं नव्हतं. अब्बांनीही नाही. उमेरानं तोंड उघडलं. हॉर्न होता, टाचेचा फोड होता, निकेश होता, पवनसर होते, आणि ते सगळे एकेक करून समोर येऊन बाजूला झाले.

"आई, चला," मुलगा म्हणाला.

"थांब न. पोट्टी सांगून राह्यली." म्हातारीनं पाय ताणले, गुडघा चोळला. तिला खरोखरच घाई नव्हती. तिच्या विचारण्यात आरोप नव्हता. शेजारणीला भाजी काऊन करपली विचारावं तसं तिनं विचारलं होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत ती उठणार नव्हती.

उमेरा तिच्यासमोर जमिनीवर बसली. पायाखाली सागाची पानं चुरली.

"कंटाळा आला होता," ती म्हणाली. "त्या दिवशी मले फक्त कंटाळा आला होता, आजी."

म्हातारीनं मान हलवली. हलवताना ती उमेराकडे बघत नव्हती, खाली तलावाकडे बघत होती, जिथं गेट बंद करायच्या आधी कुणीतरी सायकली मोजून आत घेत होतं.